कानाला लावलेलं रील

माझ्या दुकानात कुणी मासेमारीचं रील कानाला लावलं की मी हातातलं काम टाकून मागच्या खोलीत निघून जाते. गिऱ्हाईक बिचारं बघतच राहतं. आमच्या ह्यांनी एकदा विचारलंसुद्धा, "अगं, तुला होतंय काय? माणूस रील बघतोय, चोरत नाहीये." मी म्हटलं, "मग तुम्हीच विका त्याला." काय झालंय त्यातलं अर्धं गल्लीला ठाऊक आहे, ह्यांनाही गल्लीनेच सांगितलं. पण गल्लीने शेवट तेवढा ऐकला. सुरुवात माझ्या पोटात आहे, आणि ती पोटात ठेवून ठेवून आता मला अन्न गोड लागत नाही.

आमचं दुकान मासे पकडायच्या सामानाचं. गळ, दोरी, काठ्या, दोरी गुंडाळायची रिलं, जाळीच्या पिशव्या, रबरी बूट. वडिलांनी टाकलं, त्यांच्यामागे मी चालवते. आणि आधीच सांगते, मी फटकळ आहे. एका साहेबांना मी तोंडावर म्हटलं होतं, "काठी बदलून काही व्हायचं नाही, आधी तासभर गप्प बसायला शिका." ते परत आले नाहीत. गेले उडत! लोक म्हणायचे, बाई तिखट आहे, पण खोटं बोलणार नाही. मला ते ऐकायला फार आवडायचं. आता कुणी म्हणालं तर मी खाली बघून बिल फाडते.

मी खोटं बोलले ते घड्याळकाकांशी. त्या खोट्यापायी त्यांचे कान गेले. आणि कान म्हणजे त्यांची भाकरी होती.

काका नात्याने कुणी नाहीत, वडिलांचे दोस्त. त्यांचं दुकान आमच्या समोर, एका जिन्याखाली. एवढंसं, की ते आत बसले की गिऱ्हाइकाला रस्त्यावरच उभं राहावं लागायचं. घड्याळ दुरुस्तीला आलं की काका ते आधी उघडायचे नाहीत. कानाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि रोग सांगायचे. "हे पाण्यात पडलंय." "ह्याला तेल नाही, तीन वर्षं." एकदा एका बाईंना म्हणाले, "हे कुणीतरी फेकून मारलंय." बाई लाजल्या बिजल्या नाहीत. म्हणाल्या, "मीच. नेम चुकला."

वडील गेले तेव्हा मला रील विकता येत होतं, उघडता येत नव्हतं. आणि दुरुस्तीवाचून असलं दुकान चालत नाही. काका रोज दुपारी आपली फळी लावून रस्ता ओलांडून यायचे, खिशात बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन. दोन महिने त्यांनी मला शिकवलं. पांढरं फडकं पसरायचं, निघेल तो भाग निघाल्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. घाईत एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली तेव्हा ते स्वतः जमिनीवर पालथे पडून शोधत बसले होते, आणि मी वर उभी राहून रडत होते. "रडू नकोस, टॉर्च धर," म्हणाले. त्यांचा एकच नियम होता. आधी ऐकायचं, मग उघडायचं. मी आज ज्या हातांनी पोट भरते ते हात त्यांनी दिलेत, असं म्हटलं तर त्यात काही जास्त नाही.

रविवारी सकाळी काका तलावावर जायचे. मासा धरायचा तो जिवंत आमिषावरच, पिठाच्या गोळ्या त्यांना पोरखेळ वाटायच्या. जिवंत आमिषाची गंमत अशी, की घाई केली की संपलं. बोटभर मासा घ्यायचा, पाठीच्या कातडीत हलकेच गळ अडकवायचा आणि पाण्यात सोडायचा. तो आपला पोहत राहतो. मोठा मासा येतो, त्याला तोंडात धरतो, पण लगेच गिळत नाही. धरून लांब पळतो. त्या पळण्यात दोरी जराशी जरी अडली, की त्याला संशय येतो आणि तो थुंकून देतो. म्हणून ह्या कामाच्या रिलाला मागे एक वेगळा खटका लागतो. खटका वर केला की दोरीचं चाक मोकळं सुटतं, मासा नेईल तेवढी दोरी सुखाने जाते. जाताना आत एक पोलादी जिभली दात्यांवर आपटत राहते, कट् कट् कट्. मग तुम्ही मूठ फिरवायची, खटका आपोआप खाली पडतो, मोठा ब्रेक लागतो, आणि मासा तुमचा.

बाकीचे लोक काठीच्या टोकाकडे डोळे लावून बसतात. काका पाण्याकडे पाठ करून बसायचे. खरंच! काठी खुंटीवर टेकवायची, खटका वर करायचा, आणि पालथ्या बादलीवर पाठ फिरवून बसायचं. मी लहान असताना वडिलांबरोबर जायची, तेव्हा मला वाटायचं, काका रुसलेत. विचारलं तर म्हणाले, "बघत बसलं की हात शिवशिवतात. कान घाई करत नाही." आवाजावरून सगळं सांगायचे. एखाददुसरा ठोका आणि शांत, म्हणजे आमिष दचकलं. तुटक तुटक, म्हणजे बारीकसारीक मासा कुरतडतोय. आणि सलग, न थांबता सुरू झालं की वडिलांना म्हणायचे, "चला, पाहुणे आले," आणि सावकाश उठायचे. वडिलांना इतका राग यायचा त्या सावकाश उठण्याचा! पण मासा निघायचाच.

तर गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाच्या दिवसात, एका दुपारी काका आपलं रील घेऊन आले. वीस वर्षांचं रील, वडिलांनीच विकलेलं. काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "हे मुकं झालं गं. दोन रविवार झाले. गेल्या वेळी सगळी दोरी गेली तरी चकार शब्द नाही. काठी ओढून नेली माशाने. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरलो तिच्यामागे."

दुकानात तेव्हा दोन कॉलेजची पोरं गळ बघत होती. काका पाण्यात शिरले हे ऐकून त्यातला एक फिसकन हसला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गळाच्या पुड्या मोजायला लागला.

मी फडकं पसरलं. खरं तर आधी ऐकायला हवं होतं, पण तक्रार आवाजाचीच होती म्हणून मी सरळ उघडलं. दाते बघितले. धारदार. जिभली बघितली. टोक जसंच्या तसं. स्प्रिंगला ताण होता. तेल टाकलं, झाकण लावलं, खटका वर केला आणि चाक फिरवलं.

कट् कट् कट् कट्. मोठा, स्वच्छ आवाज. त्या दोन पोरांनीसुद्धा वळून बघितलं.

काका माझ्या बोटांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. म्हणाले, "बघ बरं, आहे का आवाज?"

रील मुकं नव्हतं. मी पुन्हा फिरवलं, जरा जोरात. त्यांनी मान पुढे केली, डोकं तिरपं केलं, घड्याळ ऐकताना करायचे तसं. आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात भीती होती, रिलाची नव्हे. डॉक्टरांच्या दारात बसलेला माणूस बघतो तसे ते बघत होते. "पोरी, सांग ना. आहे का?"

मी, जी साहेबाला गप्प बसायला शिका म्हणते, ती मी म्हणाले, "नाही काका. जिभली झिजलीय. दात्यांना लागतच नाही."

हे तोंडातून कसं गेलं, मला आजही कळत नाही. ती पोरं उभी होती म्हणून? काका लाजतील म्हणून? असेल. वाटलं, आत्ता नको, नंतर एकटे असताना सांगू. उद्या सांगू. काकांनी श्वास सोडला, आणि खांदे असे खाली आले की मला वाटलं, बरं झालं आपण बोललो ते. मी तेव्हा स्वतःला चांगली बाई समजले, हे लिहून ठेवायला हवं.

"मग नवीनच बघू," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. तासभर बसले. रील निवडायला काकांसारखं गिऱ्हाईक नाही. पहिलं दाखवलं ते लहान होतं; म्हणाले, "मोठा मासा धरला तर ह्याची दोरी अर्ध्या तलावातच संपेल." दुसऱ्याचं चाक सुटताना झटका द्यायचं. दोरी बोटाने हळूच ओढून बघितली आणि बाजूला सारलं. "ह्या झटक्याने मासा तिथल्या तिथे थुंकेल." तिसऱ्याच्या मागच्या खटक्याचा ब्रेक एकतर घट्ट नाहीतर सैल, मधलं काही नाहीच. "आमिषाला ओढता येता कामा नये आणि माशाला अडता कामा नये, एवढं साधं ह्या लोकांना कळत नाही?" प्रत्येक रील त्यांनी कानाला लावलं. आणि प्रत्येक वेळी खाली ठेवून म्हणाले, "हेही मुकंच."

तीन नवीकोरी रिलं एकाच वेळी मुकी कशी असतील, हे त्यांच्या मनात आलं नाही का? आलं असणार. मी बोलत नव्हते आणि तेही बोलत नव्हते.

शेवटी मी वरच्या फळीवरून ते दांडगं रील काढलं. दोन वर्षं पडून होतं, कुणी घेत नव्हतं, कारण फिरवलं की मिक्सर लावल्यासारखं व्हायचं. आम्ही घरात त्याला मिक्सरच म्हणायचो. काकांनी ते कानाला लावून फिरवलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "हे बोलतं गं! हे बघ, हे बोलतं!" ती दोन पोरं कानावर हात ठेवून बाहेर गेली.

जाताना जुन्या रिलाकडे बोट दाखवून म्हणाले, "ते टाकून दे." मी ते फडक्यात गुंडाळून खणात ठेवलं.

उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता पावसाळा आला आणि गेला. काकांना मासे मिळत होते. रस्त्यात भेटेल त्याला सांगायचे, "माझ्या पोरीने निवडून दिलंय रील." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यातच मी वडिलांचं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे तेलपाण्याला दिलं. चावीचं घड्याळ, वडिलांच्या हातावर तीस वर्षं होतं. काकांनी कानाला लावलं, उघडलं, साफ केलं, पुन्हा कानाला लावलं आणि दिलं. आठवड्यात बंद पडलं. चार वाजून दहा मिनिटांवर. मी परत नेलं नाही. तसंच बंद घड्याळ हातावर बांधून दुकानात बसायला लागले. काका समोरून विचारायचे, "चालतंय ना?" आणि मी हात वर करून दाखवायचे, झकास.

बाकीची गिऱ्हाइकं माझ्यासारखी नव्हती. घड्याळं परत यायला लागली. जिन्याखाली भांडणं ऐकू यायची. एक बाई म्हणाली, "काका, आता बस करा की." काकांनी तिला चहा पाजून पाठवलं.

मग एक दिवस काकू आल्या. घड्याळकाकांची बायको, हळू बोलणारी बाई. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "तुला एक विचारू का? ह्यांना कमी ऐकू येतंय असं वाटतं का गं तुला? परवा कुकर लावून मी खाली गेले. हे शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते. शिट्ट्या होऊन होऊन पाणी संपलं, कुकर काळा पडला, तरी ह्यांना पत्ता नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. तर म्हणतात, माझ्या कानाला काही झालेलं नाही. मलाही शंका आली होती, पण बिघाड रिलात होता. पोरीने स्वतः उघडून बघितलंय, तिला विचार जाऊन."

मी काउंटरची कड धरली. माझं खोटं त्यांनी प्रमाणपत्रासारखं जपून ठेवलं होतं, आणि जो कुणी डॉक्टर म्हणेल त्याला ते दाखवत होते.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "रील खरंच बिघडलं होतं ना गं?"

आता सांगते ते नीट ऐका. पहिल्या वेळी खोटं बोलले त्यात निदान माया होती. पोरं उभी होती, काका घाबरले होते, सगळं खरं. ह्या वेळी दुकानात कुणी नव्हतं. काकू विचारत होत्या, दार उघडं होतं, एक शब्द बोलायचा होता. आणि मला एवढंच सुचलं, की आता खरं सांगितलं तर मी इतके महिने खोटारडी होते हे कळेल. बाई तिखट आहे पण खोटं बोलणार नाही, ते जाईल. मी म्हणाले, "हो काकू. झिजलं होतं."

काकूंना बरं वाटलं. जाताना म्हणाल्या, "तुझ्याकडून कळलं म्हणजे झालं." त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन स्वतःला अशी एक शिवी दिली जी मी गिऱ्हाइकालाही देत नाही. पण मागून जाऊन त्यांना गाठलं नाही. दहा पावलं होती.

पुढचं लवकर झालं. काका रस्ता ओलांडून माझ्याकडेच येत होते, स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला, वाजवला, आणि शेवटी त्यांना घासूनच गेला. कोपर सोललं. स्कूटरवाला ओरडला, "ऐकायला येत नाही का?" सगळी गल्ली बघत होती. काकांनी कपडे झटकले आणि हसले, आणि ते हसणं बघून माझा जीव अर्धा झाला.

त्याच आठवड्यात काकूंनी त्यांना ओढून डॉक्टरकडे नेलं. कानाच्या पडद्याच्या मागे काहीतरी वाढत होतं, दोन्हीकडे, आणि आतली बारीक हाडं खात होतं. ऑपरेशन झालं. एक कान पूर्ण गेला. दुसऱ्यात जेमतेम पाव शिल्लक, तोही ओरडलं तर. मी भेटायला गेले तेव्हा काका झोपले होते, डोक्याला पट्टी. काकू बाहेरच्या बाकावर बसून रडत होत्या. "डॉक्टर म्हणाले, काही महिने आधी आणलं असतं तरी बरंच वाचलं असतं. मीच ढिली पडले गं. मी त्यांना आणायला हवं होतं."

मी काकूंच्या पाठीवरून हात फिरवत बसले. त्या स्वतःला दोष देत होत्या आणि मी त्यांना म्हणत होते, "तुमचा काय दोष काकू." एवढंच त्यातलं खरं होतं, आणि तेही मी अर्धंच बोलले.

काकांनी घड्याळदुरुस्ती बंद केली. जिन्याखाली आता नुसते सेल आणि पट्टे मिळतात. दुपारी ते पट्ट्यांना भोकं पाडत बसतात. मला माझ्या काउंटरवरून सगळं दिसतं.

आणि मग ह्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, काका दुकानात आले. मिक्सर काउंटरवर ठेवला. आता त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे साधं बोलणंही ओरडल्यासारखं होतं. "हे घे! ह्याचं काम संपलं. आता मला बोटाला कळेल असं रील दे. दोरीवर बोट ठेवून बसेन, पाण्याकडे तोंड करून. मासा तर धरायचाच."

मी तीन रिलं मांडली. चांगली, नवी, गुळगुळीत. काका चाकाच्या कडेला नख टेकवायचे, खटका वर करायचे, दोरी ओढायचे. तिन्ही ठेवून दिली. "ह्यांच्यात प्लास्टिकची जिभली आहे. बोटाला काही सांगत नाही."

बरोबर होतं त्यांचं. बोटाला सांगेल असं रील माझ्याकडे एकच होतं. खोल कापलेले दाते, पोलादी जिभली, मऊ सुटणारं चाक. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी एका क्षणात काढून हातात ठेवलं असतं. ते खणात होतं, फडक्यात. मी खणाच्या मुठीला हात लावून उभी राहिले. काका म्हणाले, "काय गं, नाहीये का?" नाही म्हटलं असतं तर ते गेले असते, प्लास्टिकवालं एखादं घेऊन.

मी फडकं सोडून जुनं रील त्यांच्यापुढे ठेवलं.

काकांनी ओळखलं. उचललं, खटका वर केला, नख टेकवलं आणि दोरी ओढली. दुकानभर आवाज झाला, तो त्यांच्यापर्यंत गेला नाही. पण नखापर्यंत गेला. ते थांबले. पुन्हा ओढली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जिभली बदललीस वाटतं?"

देवा रे, किती सोपं करून दिलं त्यांनी! नुसती मान हलवायची होती. काका खूश झाले असते, रील घेऊन गेले असते, आणि मी मरेपर्यंत सुटले असते.

मी म्हणाले, "नाही काका. बदलली नाही."

"काय? मोठ्याने बोल!"

"बदलली नाही! तीच आहे!"

त्यांनी पाव कान माझ्याकडे वळवला. "काय म्हणतेस?"

आणि मग, जे दोन पोरांसमोर मी कुजबुजूनही बोलले नव्हते, ते मला सगळ्या गल्लीसमोर किंचाळून सांगावं लागलं. "रील बिघडलं नव्हतं, काका! आवाज येत होता! मला ऐकू येत होता! तुम्हाला येत नव्हता! मी खोटं बोलले! काकूंनाही खोटं सांगितलं!" शेजारचा शिंपी बाहेर आला. समोरच्या गॅलरीत कुणीतरी कपडे वाळत घालताना थांबलं. माझा गळा फाटला होता आणि नाक वाहत होतं.

काकांनी रील खाली ठेवलं. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळ उजेडाकडे वळवलं. चार वाजून दहा. बाहेर सकाळचं ऊन होतं. "हेही?" म्हणाले. मी मान हलवली.

"मला त्या दिवशी शंका होतीच गं," काका म्हणाले. ओरडूनच, त्यांना काय ठाऊक! "घरातला पंखा ऐकू येईना झाला होता. बायकोला विचारावं तर ती घाबरेल. म्हटलं, पोरीला विचारू. ती कुणाची भीड ठेवत नाही, ती तोंडावर सांगेल. म्हणून रस्ता ओलांडून आलो होतो. रील नुसतं निमित्त होतं. तू म्हणालीस झिजलंय, मी म्हटलं, चला, सुटलो."

मी ओरडले, "उद्या मी येते तलावावर! दर रविवारी येते! मी ऐकते तुमच्यासाठी! आवाज झाला की सांगते!"

काकांनी मान हलवली, नको म्हणून. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"तुला ऐकू येतं गं पोरी. पण तू सांगत नाहीस."

मी घड्याळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं, का ते मलाही माहीत नाही. त्यांनी ते उचललं, सवयीने कानापाशी नेलं, आणि मध्येच हात थांबवून ते माझ्या तळहातावर परत ठेवलं. मी जुनं रील कागदात गुंडाळून दिलं. काका पायरी उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहिले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे बघितलं, आणि पलीकडे गेले.